विटांमधला चुना

आपल्या मराठीत 'चिमणी' हा शब्द मोठा कामसू आहे. अंगणातले दाणे टिपणारा पक्षी चिमणी, वीज येण्यापूर्वी ओसरीवर मिणमिणणारा रॉकेलचा दिवा चिमणी, आणि गिरणीच्या छपरावरून धूर ओकणारा मनोराही चिमणीच. पण राहत्या घराला चिमणी असावी, ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजली नाही. वसईतल्या आमच्या जुन्या घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपली वाट काढी. त्या धुराने वाशांना कीड लागत नाही, असे वडीलधारे सांगत. आईच्या डोळ्यांतील पाण्याचा हिशेब त्यात कोणी धरलेला नसे. चूल मात्र ती जिवापाड जपे. माती-शेणाने सारवताना चुलीच्या कडेला पडलेली केसाएवढी भेगही तिच्या बोटांना कळत असे.

सन २००९च्या सप्टेंबरात मी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या दक्षिण भागात, एका धर्मग्रामात तीन वर्षांच्या सेवेसाठी दाखल झालो. तिथले धर्मगुरूनिवास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले तीन मजली लाकडी घर होते. त्याच्या उत्तर भिंतीला बिलगून विटांचे धुराडे तळघरापासून थेट छपराच्या वर गेले होते आणि बैठकीच्या खोलीत त्याच्या पायथ्याशी आगटी होती. घर ऊबदार ठेवायला तळघरात बॉयलर होता, त्याची धूरनळी निराळी. तेव्हा आगटीची तशी गरज नव्हती. पण त्या घरात वयाची ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त धर्मगुरू राहत. थंडी सुरू झाली की रात्रीच्या जेवणानंतर ते स्वतःच्या हाताने आगटी पेटवीत. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे चार माणसांत ते अवघडून बसत. आगटीसमोर बसलेल्या एकट्यादुकट्या माणसाशी मात्र त्यांना निवांत बोलता येई. त्या दोन खुर्च्यांवर किती घरांतली भांडणे मिटली, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही.

आगटी दिसते साधी, पण तिच्यामागे मोठा विचार आहे. धुराड्यातील तापलेली हवा बाहेरच्या गार हवेपेक्षा हलकी होऊन वर चढते आणि तिच्यामागून खोलीतील हवा धुरासह ओढली जाते. ही ओढ टिकावी म्हणून धूरनळीचे तोंड आगटीच्या तोंडाच्या साधारण एक दशांश असावे लागते आणि धुराडे छपराच्या वर किमान तीन फूट यावे लागते. याच राज्यातील वोबर्न गावी १७५३ साली जन्मलेल्या बेंजामिन थॉम्पसनने, म्हणजे पुढे काउंट रम्फर्ड म्हणून ख्यात झालेल्या गृहस्थाने, १७९६मध्ये आगटीवर एक निबंधच प्रसिद्ध केला. आगटी उथळ करावी, तिच्या बाजूच्या भिंती तिरप्या बांधाव्यात आणि धुराचा घसा अरुंद ठेवावा, म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होते व धूर मुकाट वर जातो, असे त्याने दाखवून दिले. आमची आगटी त्याच धर्तीची होती.

२०१०च्या फेब्रुवारीत वृद्ध फादरांच्या कपाटातील कपड्यांना धुराचा वास येऊ लागला. त्यांची निजण्याची खोली आगटीच्या बरोबर वर होती आणि कपाटाची पाठ धुराड्याला टेकलेली. धुराला निदान वास असतो. त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ सालापासून घराघरांत त्याचा इशारा देणारे यंत्र बसवणे कायद्याने बंधनकारक आहे. आमचे यंत्र गप्प होते, पण तेवढ्यावर निश्चिंत होणे शहाणपणाचे नव्हते. त्याच रात्रीपासून आगटी बंद झाली. फादर काही बोलले नाहीत. जेवण झाले की ते वर जाऊ लागले.

एप्रिलमध्ये बर्फ सरल्यावर एक गवंडी आला. तो मूळचा अझोर्स बेटांवरील पोर्तुगीज कुटुंबातला. त्या भागात असे पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाले आहेत. माझे आडनाव ऐकून तो चकित झाला. धुराड्याला तो 'शामिने' म्हणे आणि चुन्याला 'काल'. चावी, पाव आणि बादली हे शब्द आम्ही त्याच्याच पूर्वजांकडून घेतले आहेत, असे मी सांगताच त्याने हातातील बादली उंच धरून सलाम ठोकला. मग तो छपरावर चढला, लांब काठीला बांधलेला कॅमेरा धूरनळीत सोडला आणि खाली येऊन मला चित्रे दाखवली.

घराच्या वयाच्या मानाने अपेक्षित होते तेच निघाले. धूरनळीला आतून भाजक्या मातीच्या नळ्यांचे अस्तर नव्हते, नुसता गिलावा होता आणि तो जागोजाग गळून पडला होता. उघड्या पडलेल्या विटांच्या दरजांतून मसाला झरला होता. त्याच वाटेने धूर कपाटात शिरत होता. उरलेल्या भागावर क्रिओसोटचा काळा चकाकता थर जमला होता. ओले लाकूड मंद जाळले की धूर गार नळीला लागून हा डांबरासारखा पदार्थ साचतो. त्याने पेट घेतला तर धुराड्यात आगगाडी गेल्यासारखा आवाज होतो आणि उष्णता हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते.

बाहेरची कथा आणखी निराळी. छपरावरील विटांचे दर्शनी पापुद्रे सुटून स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांचा चुरा पडत होता. पूर्वी कोणा कंत्राटदाराने दरजा सिमेंटने घट्ट भरल्या होत्या. दिसायला काम नीटनेटके होते, आणि घात नेमका तिथेच झाला. जुनी वीट मऊ आणि सच्छिद्र. तिच्यात मुरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडत असे. सिमेंटने ती वाट बंद केली. विटेत कोंडलेले पाणी हिवाळ्यात गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि मग सिमेंट जागच्या जागी राहते, फुटते ती वीट. मसाला विटेपेक्षा नेहमी दुबळा असावा, म्हणजे झीज मसाल्याची होते आणि तो पुन्हा भरता येतो, असे गवंड्याने समजावले. मला वसईच्या किल्ल्याचे तट आठवले. १७३९ सालची मराठ्यांची मोहीम, त्यानंतरचे पावणेतीनशे पावसाळे आणि तटांत मुळे रोवून बसलेले वड-पिंपळ सोसूनही त्या चुन्याच्या भिंती पुष्कळशा उभ्या आहेत.

खर्चाचा आकडा धर्मग्रामाच्या अर्थसमितीपुढे गेला तेव्हा साहजिकच कुरबुर झाली. सभागृहाच्या तळघरात गरजू कुटुंबांसाठी चालणाऱ्या धान्यकोठीची फळ्यांमागून फळ्या रिकामी होत होती आणि इथे दोन खुर्च्यांसाठी पैसे मागितले जात होते. आगटी विटांनी बुजवून टाकावी, असे एकाने सुचवले. वृद्ध फादरांनी त्याला लगेच हात वर करून संमती दिली. पण गवंड्याने एक गोष्ट ध्यानात आणून दिली : बंद केलेले धुराडेही भिजतच राहते, उलट आतली ऊब गेल्याने ते वाळत नाही. छपरावरील विटा आज ना उद्या दाराशी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर पडणारच. म्हणजे बाहेरची दुरुस्ती टाळता येण्याजोगी नव्हती. वाद उरला तो केवळ आतील पोलादी अस्तराच्या खर्चाचा. बाहेरच्या कामाला घराच्या निधीतून मंजुरी मिळाली. अस्तरासाठी वेदीवरून आवाहन करू नये, असे फादरांनी निक्षून सांगितले. तरीही वार्ता पसरली आणि दोन-तीन आठवडे आमच्या दाराखालून बिननावाची पाकिटे सरकत राहिली. धान्यकोठीच्या पेटीतील दान त्या काळात घटले नाही, हे मी मुद्दाम तपासले होते.

एवढे होईतो जून उजाडला आणि धूरनळीत नवे भाडेकरू आले. तिकडे एक पाकोळी धुराड्यांतच घरटे करते. तिचे इंग्रजी नावही चिमणीवरूनच पडले आहे. तिला फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीला नखांनी लटकते आणि काटक्या लाळेने चिकटवून घरटे बांधते. १९१८ सालच्या कायद्याने या स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण आहे, म्हणून पिल्ले उडून जाईपर्यंत काम थांबले. संध्याकाळी आगटीपाशी गेले की बंद झडपेमागून पंखांचा घुमता आवाज येई. फादरांना तो ऐकू येत नसे. ते झडपेवर तळहात टेकून बसत.

सप्टेंबरात पाकोळ्या ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे गेल्या आणि गवंडी आला. घाई होती, कारण चुन्याला गोठवणाऱ्या थंडीआधी काही आठवडे हवेत. क्रिओसोट आधीच खरवडून काढले. छपरावरील निकामी विटा उतरवून नव्या मऊ विटांचे थर चढवले. खालच्या दरजा हाताने, छिन्नीने, इंचभर खोल उकरल्या. यंत्राचे पाते विटेची कड खाते. मग दरजा ओल्या करून एकास तीन प्रमाणात चुना-वाळूचा मसाला पाव-पाव इंचाच्या थरांनी दाबून भरला. अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका तो आळला की वरून घोटायचा आणि ओल्या गोणपाटाने झाकायचा. चुना वाळून घट्ट होत नाही. भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड हवेतून हळूहळू परत घेऊन तो पुन्हा दगड होतो. आगटीच्या आत मात्र चुना चालत नाही, तिथे अग्निरोधक विटा आणि त्यांचा खास मसाला लागतो. माथ्यावर दोन इंच बाहेर आलेले छत्र, छपराच्या सांध्यावर शिशाचे पत्रे, आत उष्णतारोधक आवरणासह पोलादी नळी आणि सर्वांवर जाळीदार टोपी. पोलाद गुळगुळीत असते, त्याला पाकोळीची नखे धरत नाहीत. टोपी नसती तर पक्षी आत पडून मेले असते.

ऑक्टोबरच्या शेवटी फादरांनी आगटी पेटवली. गवंड्याने नियम घालून दिले होते : वर्षभर सुकवलेलेच ओकचे लाकूड, दरवर्षी हिवाळ्याआधी तपासणी, आणि राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर ठेवायची, कारण तिच्यात निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. कपाटातील कपडे आम्ही महिनाभर रोज हुंगून पाहिले.

पुढच्या मे महिन्यात पाकोळ्या परत आल्या. दोन-तीन दिवस त्या आमच्या झाकलेल्या धुराड्याभोवती घिरट्या घालीत राहिल्या. रस्त्यापलीकडे बंद पडलेल्या शाळेचे उघडे धुराडे होते. एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, त्या एकेक करून त्यात उतरल्या. वृद्ध फादर खिडकीत उभे राहून मोजत होते.