जामघाटाचा चढ आणि मेणाची कुपी

इंदूरच्या मराठी कुटुंबांना महेश्वरची वाट काही नवीन नाही. महू मागे पडले की माळव्याचे पठार सरू लागते आणि जाम दरवाजापाशी ते एकाएकी संपते. अहिल्याबाईंच्या स्मृतीशी जोडलेली ही भक्कम दगडी वास्तू ओलांडताच रस्ता वळणे घेत निमाडात उतरतो. मग मंडलेश्वर आणि पुढे नर्मदाकाठचे महेश्वर. १७६७ ते १७९५ या काळात अहिल्याबाईंनी जेथून राज्य केले तो वाडा, ते घाट आणि मागावरची माहेश्वरी लुगडी यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. परतीच्या चढाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. उतरताना रम्य वाटणारा जामघाट चढताना मोटारीची परीक्षा पाहतो, आणि त्या परीक्षेची तयारी निमाडातच करावी लागते.

गेल्या पौषात नर्मदास्नान आटोपून आम्ही परत निघालो. गाडीत ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई होत्या. हवा थंड, रस्ता सपाट. तरीही मंडलेश्वर येईतो तापमानाचा काटा लाल खुणेला टेकू लागला. पुढे घाट, आणि घाटात उन्हात तिष्ठणे आत्याबाईंना झेपणारे नव्हते. आम्ही गाडी एका मिस्त्रीच्या दुकानासमोर, लिंबाच्या सावलीत उभी केली व इंजिन बंद केले.

मिस्त्री जाणता होता. त्याने रेडिएटरच्या झाकणाला लगेच हात लावला नाही. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच मात्र उसळून अंगावर येते. इंजिन निवल्यावर त्याने पाहिले: पाणी पुरेसे, पट्टा शाबूत, गळती कोठेच नाही. गाडी पुन्हा थोडा वेळ चालविली, तेव्हा इंजिन चटका देऊ लागले, पण तेथून रेडिएटरकडे जाणारी वरची नळी जेमतेम कोमट. गरम पाणी इंजिनातच कोंडले होते. संशय थर्मोस्टॅटवर आला.

मंडनमिश्र आणि आद्य शंकराचार्य यांचा वाद आपल्याच गावी झाला, असे मंडलेश्वरचे लोक श्रद्धेने सांगतात. त्याच गावी आमचा व मिस्त्रीचा एक लहानसा वाद झाला. तो म्हणाला, "मास्साब, हा काढूनच टाकू. आपला मुलूख गरम. थंड देशांच्या या वस्तूचे आपल्याला काय काम?" हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याचा थोडा विचार करावयास हवा.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवान. त्याच्या पोटात एक धातूची कुपी असते व तीत मेण. इंजिन थंड असताना हे दार बंद राहते, म्हणून पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिन लवकर ऊब धरते. बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या सुमारास मेण वितळून फुगते, दांडी सरकते आणि दार उघडते. दरवान काढून टाकला तर इंजिन नेहमी थंडच राहू पाहते. इंधन जास्त जळते, आतील भागांची झीज वाढते. काही इंजिनांत तर पाण्याची वाट चुकून ते उलट अधिक तापते.

वाद मिटविण्यासाठी आम्ही परीक्षा घेतली. इंजिनातले ते पाणी विषारी असते, म्हणून चहाचे पातेले न घेता पत्र्याचा रिकामा डबा घेतला. त्यात साधे पाणी घालून थर्मोस्टॅट तारेने असा टांगला, की बुडाला टेकू नये. त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. पाणी खळखळून उकळले, तरी दार तसूभरही हलले नाही. शेजारच्या दुकानातून आणलेला नवा त्याच पाण्यात सोडला, तेव्हा तो कळी उमलावी तसा उघडला व बाहेर काढताच मिटला. मिस्त्री हसून म्हणाला, "तुम्ही जिंकलात, मास्साब."

बिघडलेला थर्मोस्टॅट दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. नवा बसविताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी, हवेसाठी बारीक छिद्र असल्यास ते वर यावे, गॅस्केट नवे घालावे. मग योग्य प्रमाणात कूलंट भरून आत अडकलेली हवा काढून टाकावी. याच्या उलट बिघाडही असतो. दार उघडेच अडकले, तर थंडीच्या सकाळी दहा-पंधरा किलोमीटर जाऊनही काटा वर येत नाही आणि गाडीतला हीटर ऊब देत नाही. ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी ही खूण ध्यानात ठेवावी.

दीड तासात आम्ही मार्गस्थ झालो. घाटाच्या प्रत्येक वळणावर आमची नजर काट्याकडे होती. तो मध्यावर थोडा थरथरे आणि तेथेच स्थिरावे. मागच्या बाकावर आत्याबाई जपमाळ हाती घेऊन झोपी गेल्या होत्या. जाम दरवाजापाशी दिवस मावळतीला आला होता आणि खाली सारा निमाड धूसर निळा दिसत होता.