स्फोटानंतरची हजार पानं

‘अकिरा’ हा सिनेमा मला जवळजवळ पाठ आहे. रात्रीच्या निओ-टोकिओत कानेदाची टोळी मोटरसायकली पिटाळते आणि मागच्या दिव्यांच्या लाल रेघा हवेत रेंगाळत राहतात, ते दृश्य सुरू झालं की मी हातातलं काम सोडून शेवटपर्यंत बसतो. कात्सुहिरो ओटोमोने १९८८ साली हा सिनेमा केला, तो पारदर्शक सेलवर हाताने रंगवलेल्या सुमारे १,६०,००० चित्रांतून. संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि मग त्यांना जुळतील असे ओठ काढले. जपानी ॲनिमेशनमध्ये सहसा याच्या उलट चालतं. संगीत गेइनोह यामाशिरोगुमीचं: बालीची बांबूची वाद्यं, नोह नाटकातल्यासारखे खोल स्वर, धापा टाकल्यासारखे माणसांचे श्वास. दोन तासांत मैत्री, सरकार, शहर, सगळं फुटतं.

मूळ मांगा, म्हणजे ओटोमोचीच जपानी चित्रकथा, इंग्रजीत वाचायला मिळाली ती एका मित्राकडून. सहा जाडजूड खंड, दोन हजारांवर पानं, जवळपास सगळी काळी-पांढरी. खंड देताना तो एवढंच म्हणाला, “तिसरा संपला की फोन कर.”

पहिले दोन खंड ओळखीच्या गल्लीतून चालल्यासारखे गेले. नशेच्या गोळ्या खाणारी पोरं, म्हातारे चेहरे घेऊन जगणारी प्रयोगशाळेतली मुलं, त्यांच्यापैकी एकाशी धडकून कानेदाच्या टोळीतल्या टेत्सुओच्या डोक्यात जागी झालेली ती भयंकर ताकद, करड्या शिस्तीचा कर्नल. वाचताना सिनेमातलं संगीत कानात आपोआप वाजायचं. मात्र वेग वेगळा होता. पडद्यावर शहर झर्रकन मागे पळतं. कागदावर ते समोर उभं ठाकतं. ओटोमो इमारत काढतो तेव्हा खिडक्यांच्या रांगा सुचवून मोकळा होत नाही, एकेक खिडकी पट्टीने आखतो. भिंत पडली तर विटेचा कोपरा, वाकलेली सळई, लोंबणारी वायर, सगळं दिसतं. एका पानावर मी इतका वेळ थांबलो की कथा कुठे पोचली होती ते मागे जाऊन बघावं लागलं.

मग अकिरा आला. सिनेमा पाहिलेल्याला ठाऊक असतं की अकिरा म्हणजे ऑलिंपिक स्टेडियमखाली गोठवून ठेवलेल्या काचेच्या बरण्या, त्यात त्याचे अवयव. मांगाच्या दुसऱ्या खंडात तिथून एक जिवंत मुलगा बाहेर येतो. लहानसा, गप्प, कुणाकडेही न बघणारा. ज्याच्या नावाने अख्खं शहर थरथरतं त्याला आधी कुणीतरी जेवायला घालावं, पांघरूण द्यावं, असं वाटत राहतं. तिसरा खंड म्हणजे त्या पोराची पळवापळवी. कर्नलची माणसं, राजकारणी नेझु, अंध धर्मगुरू मियाकोचे अनुयायी, कानेदा, बंडखोर केइ आणि चियोको, सगळ्यांना तो हवा असतो. ही दणकट अंगाची, बंदुका सहज पेलणारी चियोको सिनेमात मुळी नाहीच. मला ती पहिल्या चौकटीपासून आवडली.

शेवटी नेझु अकिरावर नेम धरतो आणि गोळी लागते प्रयोगशाळेतल्या मुलांपैकी ताकाशीला. अकिरा ते बघतो. पुढची पानं बोलत नाहीत. पांढरा गोळा वाढत जातो, उंच इमारती मुळासकट कलतात, उपसागरात भराव टाकून उभारलेल्या शहरात समुद्र शिरतो. सिनेमात अशा वेळी आवाज बंद करण्याची युक्ती आहे आणि ती जबरदस्त आहे. इथे पान उलटायचं काम माझ्या हातात होतं. मी उलटत होतो तसं शहर पडत होतं. त्या रात्री मी फोन केला नाही, आणि चौथा खंडही लगेच उघडला नाही.

सिनेमात स्फोट म्हणजे अखेर. मांगात तिथे जेमतेम अर्धी कथा झालेली असते. उरलेली हजारेक पानं ढिगाऱ्यात जगणाऱ्या माणसांची आहेत, आणि माझ्या मते ओटोमोचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. नायक कानेदा चौथ्या खंडात जवळजवळ नाहीच. स्फोटात तो गायब झालाय. मदतीचा माल हेलिकॉप्टरमधून पडतो. मियाकोच्या मंदिराच्या आवारात भुकेले आणि जखमी लोक दाटीवाटीने बसलेत. दुसरीकडे टेत्सुओने अकिराला गादीवर बसवून ‘महान टोकिओ साम्राज्य’ काढलंय. तिथे गोळ्या वाटल्या जातात आणि लोक त्या घेतात. आणि कर्नल, ज्याच्या मागे कालपर्यंत फौज होती, तो एकटा फिरतो. चियोको भेटल्यावर तो प्रयोगशाळेतल्या मुलांपैकी आजारी किओकोच्या उपचारासाठी मदत करायला तयार होतो. सिनेमातल्या कर्नलबद्दल मला आदर होता. या कर्नलबद्दल माया वाटली.

याच खंडात टेत्सुओ मियाकोला भेटतो. तीही कधीकाळी त्याच प्रयोगातली, एकोणीस नंबरची. ती त्याला सांगते की ताकद पुरी हवी असेल तर गोळ्या सोड. आणि तो सोडतो. पुढे पानंच्या पानं त्याची तडफड आहे. सिनेमातला टेत्सुओ रागाने पेटलेला मुलगा आहे. इथे तो रात्र काढायचा प्रयत्न करणारा व्यसनी मुलगा आहे, आणि त्याची भीती वाटायच्या आत त्याची कीव येते.

पाचवा खंड मला जड गेला. अमेरिकी विमानवाहू जहाजावरच्या शास्त्रज्ञांच्या चर्चा लांबतात. टेत्सुओ चंद्राला भगदाड पाडतो ते मात्र विसरता येत नाही.

हे सगळं सिनेमात का नाही, याचं उत्तर तारखांत आहे. मांगा ‘यंग मॅगझिन’मध्ये डिसेंबर १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये संपली. ओटोमोने मधेच मालिका थांबवून सिनेमा केला. सिनेमाचा शेव‍ट त्याने आधी रचला, मग टेबलाशी परतून मांगाचा वेगळा शेवट काढला. म्हणून सिनेमाला पुस्तकाचा संक्षेप म्हणणं मला पटत नाही. कथेच्या सुरुवातीचा जुन्या टोकिओचा नाश मूळ मांगात ६ डिसेंबर १९८२ ला होतो, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच महिन्यात. सिनेमात १६ जुलै १९८८ ला, जो त्याच्या प्रदर्शनाचा दिवस. दोन्ही वेळा त्याने बॉम्ब वाचक-प्रेक्षकाच्या ‘आज’वर टाकला. १९५४ साली, युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी जन्मलेला हा माणूस. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी नवंकोरं होणारं टोकिओ हे त्याच्या बालपणातलं. त्याला ढिगारा आणि बांधकाम दोन्ही सारखंच नीट काढता येतं, यात मला नवल वाटत नाही.

सहाव्या खंडाच्या शेवटी कानेदा, केइ आणि उरलेली पोरं मदतीला आलेल्या परदेशी फौजेला बजावतात: हा आमचा देश आहे, निघा. पोरसवदा मुलं, अन्नाची भ्रांत, आणि हा ताठा. पहिल्यांदा वाचताना मला तो वेडेपणा वाटला. पण मदत, साम्राज्य, गोळ्या, फौजा, हे सगळं वरून आलेलं त्यांनी भोगलं आहे, आणि ते मी पानोपानी पाहिलं आहे. त्यांना दुसरं काय सुचणार?

नंतर सिनेमा पुन्हा लावला. लाल रेघा तशाच सुंदर आहेत. पण आता रस्त्यावर ओरडणारी, टेत्सुओमागे निघालेल्या जमावाबरोबर पुलावर संपणारी ती मियाको दिसली की जीव कळवळतो. दोन तासांत तिला मंदिर मिळणं शक्य नव्हतं, हे मान्य. तरी ज्यांना हा सिनेमा आवडतो त्यांना मी आग्रहाने चौथा खंड वाचायला सांगतो, आणि आधीचे तीन वाचल्याशिवाय तो उघडू नका असंही.