दंड घातलेलं लुगडं

आजीकडे इरकल एकच होती. गडद निळं सुती अंग, तांबडा रेशमी पदर, त्यावर पांढरे टोप. कर्जतजवळ दहिवलीच्या आमच्या घरात तिचा मान पाहुणीचा. लग्नकार्य, संक्रांत, हळदीकुंकू एवढ्यापुरतीच ती ट्रंकेतून निघायची. घरी परतल्यावर मात्र ती लगेच पाण्यात पडत नसे. आधी सावलीत दांडीवर सैल पसरायची, घाम वाळू द्यायचा आणि कमरेपाशी, निऱ्यांपाशी जिथे डाग असेल तेवढाच भाग ओल्या फडक्याने टिपायचा. अख्खी इरकल धुणं हा वर्षाकाठचा कार्यक्रम होता. कपडा अंगावर झिजतो त्याहून धोपटण्यानं आणि पिळण्यानं जास्त झिजतो, हे आजीने कधी बोलून दाखवलं नाही. तिचं धुणं बघितलं की कळायचं.

इरकलीची अडचण अशी, की एकाच कापडात दोन स्वभाव नांदतात. अंगाचे सुती ताणे आणि पदराचे रेशमी ताणे विणकर कोंड्या घालून एकमेकांत अडकवतो. सुताला सोडा चालतो, साबण चालतो. ओलं झालं की सूत उलट जास्त बळकट होतं. रेशीम मात्र किड्याने काढलेलं प्रथिन. क्षार त्याला खातो आणि ओलं असताना ते हळवं होतं. आजीला प्रथिन माहीत नव्हतं नि क्षारही. पण धुताना ती पदर कोरड्या पाटावर बाजूला ठेवायची, अंगाला ५०१ साबणाचा बार लावायची, आणि ते खळबळून झाल्यावरच पदराकडे वळायची, तेही रिठ्याचं पाणी घेऊन.

रिठ्याच्या पाण्यात तिला घाई खपत नसे. रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर एक उकळी आणायची, निवल्यावर कुस्करायची आणि दुहेरी फडक्यातून गाळायची. नीट गाळलं नाही तर टरफलाचा तपकिरी गाळ रेशमावर बसतो आणि मग डाग काढायला आणखी एक धुणं लागतं. त्या पाण्यात पदर नुसता वरखाली करायचा. चोळायचा नाही, पिळायचा तर नाहीच. जुन्या धोतरात गुंडाळून दाबायचा. तांबडा रंग निळ्यावर उतरू नये म्हणून पहिल्या धुण्यांना शेजारपाजारच्या बायका मिठाचं पाणी सुचवायच्या. मिठाने रंग त्या पाण्यापुरता कमी सुटतो, कायमचा काही बसत नाही. ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर दाबून रंग लागतो का ते बघणं, हा त्याहून खात्रीचा उपाय. मी अजून तोच करते.

गोधड्यांचं धुणं निराळं, ते उल्हास नदीवर. कर्जतचा पाऊस चार महिने घरातल्या प्रत्येक सुताला कुबट करून सोडतो. घटस्थापनेच्या आधी ऊन पडलं, की आळीतल्या बायका गोधड्यांच्या वळकट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. ती पाण्यात पसरून पायांनी तुडवायची, मळाचं करडं पाणी जाईपर्यंत. नव्या गोधडीची दोन टोकं धरून दोघी उलटसुलट पीळ द्यायच्या. जुनीला ते नाही. जुनी घडी घालून कातळावर निथळत ठेवायची. पाणी आपलं आपण उतरतं. घाई केली तर धावदोरा तटातट तुटतो आणि आतले तुकडे एका कोपऱ्यात गोळा होतात.

याच उल्हासच्या खालच्या अंगाला उल्हासनगर आहे. तिथे जीन्सचा मोठा धंदा उभा राहिला. कोऱ्या जीन्स दगड घालून, रसायनं घालून धुवायच्या, का, तर त्या वापरलेल्या दिसाव्यात म्हणून. तिथल्या वालधुनी नदीच्या पाण्याने त्याची किंमत मोजली. वरच्या अंगाला आम्ही जुनं टिकावं म्हणून हात आखडून धुवायचो, याची गंमत वाटते, आणि ती फार वेळ टिकत नाही.

इरकल बसायच्या जागी विरली तेव्हा आजीने तिला दंड घातला. विरलेला मधला पट्टा कापून काढला, दोन्ही धड बाजू जवळ आणून शिवल्या. हातशिलाई इतकी बारीक की शिवण बोटाला लागायची, डोळ्याला दिसायची नाही. नऊवारीची लांबी गेली, म्हणून ती आईकडे सहावारी होऊन आली. आईने ती हौसेने नेसली, शिवण निऱ्यांत दडवून. पुढे अंग जागोजाग जाळीदार झालं. दारावर भांडीवाली यायची, पण तिला घरातून टेरिकॉट आणि नायलॉन जायचं. सुती कपडा स्टीलच्या पातेल्यावर देणं आजीला उधळपट्टी वाटे. इरकलीचं अंग गोधडीचा वरचा पदर झालं आणि तांबडा रेशमी पदर मलमलीत गुंडाळून ट्रंकेत गेला.

त्या गोधडीच्या पोटात परळच्या गिरणीतून काकांनी आणलेले फेंटचे, म्हणजे उरलेल्या कापडाचे, तुकडे आहेत. काका कर्जत लोकलने जा-ये करायचे. जानेवारी १९८२मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि फेंट यायचे थांबले; त्यामुळे ती गोधडी कधीची, हे सांगायला मला कागद लागत नाही. लग्नानंतर ती माझ्याबरोबर खोपोलीला आली.

खोपोलीला धुण्याचं पाणी वेगळं. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहती असते, ती पॉवरहाऊसच्या कृपेने. लोणावळ्याच्या बाजूला तळी बांधून, पूर्वेकडे भीमेला मिळायचं पाणी टाटांनी घाटाखाली वळवलं. पाचशे मीटरांहून उंचावरून ते नळांतून खाली येतं, १९१५पासून वीज करतं आणि मग नदीत सुटतं. तिकडे कर्जत तालुक्यात भिवपुरीला १९२२पासून तोच प्रकार, ते पाणी पेज नदीला. सासूबाई घड्याळापेक्षा पाण्यावर जास्त लक्ष ठेवायच्या. पाताळगंगेचं पात्र चढायला लागलं की धुणं आवरायचं. वाहत्या पाण्यात साबण पूर्ण निघतो, बादलीत तो राहून जातो आणि कापडात वाळून कडक होतो, हे त्यांचं म्हणणं. आज नदीत साबण सोडू नये हे मलाही पटतं, म्हणून गोधडी आता गच्चीवर टबात तुडवते. पण शेवटचं खळबळणं तीन पाण्यांतून, त्यांच्याच हिशेबाने.

गोधडीला ठिगळ लावायचं तर जुन्या सुताचंच, आधी धुऊन आटवलेलं. कोरं दणकट कापड लावलं की पुढच्या धुण्यात ते आटतं आणि भोवतालचं विरलेलं कापड ओढून फाडतं. भाताच्या पेजेची खळ नेसायच्या कपड्याला शोभते, ठेवणीतल्या कपड्याला नाही. खळीवर कसर येते.

एवढं सगळं जपून मधे एकदा ट्रंक उघडली, तर वापरातली, तुडवलेली, दर वर्षी उन्हात पडणारी गोधडी धड होती आणि कुणी हात न लावलेला पदर घडीवर चिरला होता. कसर नव्हती, ओल नव्हती. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर मुडपून राहिल्याने तिथले तंतू तुटले. जपणुकीचे पुष्कळ सल्ले मी ऐकलेत: लवंग, कडुलिंबाचा वाळलेला पाला, मलमल, डांबरगोळ्या लांब ठेवणं. सगळे बरोबर आहेत आणि सगळे मिळूनही, पावसाळ्यानंतर कापड बाहेर काढून घडी बदलण्याची बरोबरी करत नाहीत. त्याहून उत्तम म्हणजे नेसणं. ट्रंकेत ठेवलेलं लुगडं जपलं जातं, असं मला आता वाटत नाही.

म्हणून मुलीने त्या पदराचं जॅकेट शिवायचं काढलं तेव्हा घरात मी एकटीच तिच्या बाजूने होते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, आजीची आठवण ती, कात्री कसली लावतेस?" दंड घालताना आजीने कात्रीच लावली होती, हे मी त्यांना सांगितलं. चिरलेल्या रेषा शिवणीत जातील असे भाग बेतले, पाठीशी दोनदा धुतलेल्या जुन्या मलमलीचं अस्तर दिलं. काखेत घाम पदराला न लागता अस्तराला लागावा आणि अस्तर वेगळं काढून धुता यावं, म्हणून ते कच्च्या टाक्यांनी जोडायला सांगितलं. कर्जतच्या टेलरने पदर उजेडात धरला, मशीनची सुई बदलून बारीक घातली आणि म्हणाला, "ताई, यात कापडापेक्षा भोकं जास्त आहेत." शिलाई मात्र त्याने पैठणीच्या ब्लाउजची लावली.