अर्ध्या डोंगरावर

रहिमतपूर मागे पडलं की हिरवं विरळ होत जातं. खटावचं माळरान, कुसळं, ज्वारीची धाटं, आणि लांबूनच दिसणारा औंधचा डोंगर. माथ्यावर मूळपीठाची यमाई. भाविक थेट वर जातात; माझी पावलं मात्र अर्ध्यातच अडतात. तिथं औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेलं भवानी संग्रहालय आहे.

आत रविवर्मा, धुरंधर, आणि चक्क हेन्री मूरच्या छिन्नीतून उतरलेली दगडी मायलेकरं. ज्या तालुक्यात पावसाची वाट बघण्यात उन्हाळे सरत, तिथं हा राजा शिल्पं आणवतो! दरवेळी मी आधी चिडतो. मग त्या आईच्या बोजड, गोलसर खांद्यापाशी राग निवत जातो. राजा स्वतःही चित्रं काढी, कीर्तनं करी. संस्थान कसलं, इनमीन बहात्तर गावं. औंध इथं, कुंडल तिकडं, आटपाडी आणखी पलीकडं. मध्ये सगळा परका मुलूख. एवढ्याशा राज्यात किर्लोस्करांच्या कारखान्याला माळ मिळाला, सातवळेकरांच्या वेदाभ्यासाला आसरा मिळाला.

आणि सूर्यनमस्कार. ते राजा स्वतः घाली आणि शाळेतल्या पोरांनाही घालायला लावी. पहाटेच्या गारठ्यात त्या पोरांनी मनातल्या मनात राजाला काय म्हटलं असेल, याची नोंद कुठल्या दप्तरात नसणार. गंमत अशी, की रयतेच्या कमरा वाकवणाऱ्या याच माणसानं सत्तरीत आपली सत्ता रयतेच्या हवाली केली. गांधीजींचा सल्ला, मुलगा अप्पासाहेबांची धडपड आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरचा ध्यास यांतून 1939 साली औंधची राज्यघटना आली. कारभार गावपंचायतींकडे गेला. मला संग्रहालयापेक्षाही हे धाडस मोठं वाटतं. चित्रं पैसे मोजून आणता येतात. गादीवर बसून गादीचा हक्क सोडायला निराळीच छाती लागते.

1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. गावोगावच्या पंचायतींचा तो प्रयोग जेमतेम नऊ वर्षांचा. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर मात्र टिकलं: भिंतींवाचूनची कैद्यांची वसाहत, जिथं शिक्षा भोगणारे शेती करतात. त्याच कल्पनेवर शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा गदिमांची. तेही याच संस्थानातले, औंधच्या शाळेत शिकलेले. म्हणजे नमस्कार त्यांनाही चुकले नसणार.