मांडवा ते मालवण

6 जानेवारी 2023, मुरूड

रो-रोच्या खालच्या डेकवर मोटारींशेजारी सायकली कठड्याला दोरीने बांधल्या आणि तासाभरात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरलो. तिथून अलिबागपर्यंत समुद्र जवळ असून दिसत नाही. दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या उंच भिंती. रेवदंड्याला रस्ता किल्ल्याचा तट भेदूनच गावात शिरतो. साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली की कोर्लई. इथली ख्रिस्ती वस्ती आजही पोर्तुगीज वळणाची आपली बोली घरात बोलते. टपरीवर दोन बायका त्या बोलीत भाव करत होत्या. आम्ही चहा संपला तरी ऐकत उभे होतो.

संध्याकाळी गटाचा नियम ठरला. पुढे कोणीही जावं, पण फाट्यावर थांबायचं. पंप आणि ट्यूब घेतलेला माणूस सगळ्यांच्या मागे. बँकेतून निवृत्त झालेले काका सर्वांत सावकाश चालवतात. त्यांच्या मागची जागा मी मागून घेतली.

7 जानेवारी, हरिहरेश्वर

राजपुरीच्या खाडीने सकाळीच सगळ्यांना एका जागी आणलं. कॉलेजातली दोन मुलं मुरूडहून सुसाट निघाली होती, पण आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरी पलीकडे दिघीला होती. ती परतेपर्यंत काका आणि मीही पोहोचलो. तिकिटं एकत्र काढली, चिक्की वाटली, एकाची चेन सैल झालेली ती तिथेच नीट केली. किनाऱ्याच्या या रस्त्यावर पुढे जाण्याला एक मर्यादा आहे आणि ती खाडी घालते, हे मला फार आवडलं.

दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राला लागून, जवळजवळ सपाट. त्यावर किती वेळा थांबलो ते सांगत नाही. श्रीवर्धनला शहाळ्यांसाठी एका वाडीत शिरलो. वाडीवाल्या आजोबांनी 3 जून 2020 ची दुपार सांगितली. निसर्ग वादळात सुपारीची झाडं एकावर एक आडवी झाली. वाडीतून पलीकडचं घर दिसायचं नाही ते एका दिवसात दिसायला लागलं. आता नवी रोपं लावली आहेत, मध्ये सावलीला केळी. सुपारी धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. ‘‘माझ्यासाठी नाही लावत,’’ म्हणाले, आणि शहाळ्यांचे पैसे घेईनात. काकांनी ते नातवाच्या हातात दिले.

8 जानेवारी, हर्णै

बागमांडला. सावित्रीच्या पात्रात अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत. वर रस्ता नाही. ओहोटी होती, काठाचा चिखल उघडा पडलेला. फेरीवरच्या खलाशाने भरतीचं गणित सांगितलं: तिथीची पाऊणपट करायची. आज द्वितीया, म्हणजे दीडच्या सुमारास भरती, त्याआधी सहा तास ओहोटी. मुलांनी लगेच मोबाइलवर तपासलं. थोडक्या मिनिटांचा फरक. खलाशाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, त्याला ते रोजच लागतं.

फेरीची मौज मी इतकी लिहितोय, पण वेसवीकडे निघालेल्या एका ताईंचं बोलणंही लिहून ठेवतो. सासूबाईंचा दवाखाना श्रीवर्धनला. रात्री फेरी बंद झाली की समोर दिव्यांसकट दिसणारं गाव गाडीने फार लांब पडतं. त्यांना पूल हवाच आहे, आणि तो व्हायलाच हवा.

वेसवीनंतर बाणकोटचा चढ, मग वेळास. कासवांची घरटी जाळीच्या कुंपणात राखलेली. पिल्लं निघायला अवकाश आहे. केळशी, आंजर्ले आणि एकामागून एक चढ. हर्णैला पोहोचलो तेव्हा मासळीचा लिलाव रंगात होता. बोली इतकी भरभर की आकडा कळेपर्यंत टोपली उचललेली.

9 जानेवारी, गुहागर

दापोलीचा चढ, दाभोळचा उतार. वाशिष्ठीच्या खाडीवर धोपाव्याची फेरी. मोटारी नेणारी ही फेरी 2003 साली सुरू झाली. त्याआधी गुहागरला गाडी न्यायची तर चिपळूणवरून जावं लागे. दमलो. लवकर झोपतो.

10 जानेवारी, रत्नागिरी

तवसाळ ते जयगड, शास्त्री नदीचं मुख. त्यानंतर मालवणपर्यंत आमच्या वाटेवर कुठे फेरी नाही.

अंगारकी होती. गणपतीपुळ्याच्या अलीकडेच कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्यांची रांग लागलेली. आम्ही कडेने सायकली हातात धरून चालत गेलो. मुखदर्शन घेतलं. आरे-वारेच्या चढावर काका उतरले नाहीत. वर पोहोचल्यावर मुलांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मागे वळून खालचे दोन्ही किनारे कितीतरी वेळ पाहत बसलो.

11 जानेवारी, देवगड

सर्वांत लांबचा दिवस आणि पुलांचा दिवस. पावसनंतर पूर्णगडला मुचकुंदीवर पूल. थांबायचं कारणच नाही. दुपारपर्यंत आम्ही मैलोगणती विखुरलो होतो. पुढे आडिवऱ्याकडचा सडा: काळपट जांभा, पिवळं गवत, सावलीला झाड नाही. याच कातळावर कोणे एके काळी माणसांनी हत्ती, मासे, वाघ कोरून ठेवले; 2022 साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. देवीहसोळचं शिल्प पाहायला वळायचं ठरलं होतं, पण काकांच्या पोटऱ्यांत गोळे आले. एका घराच्या पडवीत त्यांना आडवं केलं. घरातल्या वहिनींनी न विचारता मीठ घातलेलं कोकम सरबत आणलं आणि काकांच्या पायांना खोबरेल चोळायला स्वतःच्या मुलाला बसवलं.

तासाभराने निघालो. पुढचे केव्हाच देवगडला पोहोचले असतील असं धरून चाललो होतो. जैतापूरच्या पुलाच्या तोंडाशी सगळे बसलेले दिसले. मुलांनी कलिंगड आणून कापून ठेवलं होतं, आमच्या फोडी बाजूला काढून. इथे ना जेट्टी होती, ना फेरीची वेळ. कोणी थांबा म्हटलं नव्हतं. मला बोलायला सुचेना; मी कलिंगड खाल्लं. उरलेला रस्ता एकत्र काढला, देवगडच्या अलीकडे दिवे लावून. अंधारात आंब्याच्या मोहोराचा वास येत होता.

12 जानेवारी, मालवण

कुणकेश्वरला समुद्राकडे तोंड करून नाश्ता. मिठबाव, आचरा, आणि दुपारी मालवण. गावात शिरताना एक आजी म्हणाल्या, ‘‘खयसून इलात रे?’’ मुंबईहून सायकलीने म्हटल्यावर त्यांनी आधी काकांकडे पाहिलं आणि घरात जाऊन पाणी आणलं.

बंदरावरून समोर सिंधुदुर्ग. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. आज होडीने जाऊ, असं सगळ्यांचं म्हणणं. काकांनी मात्र आधी जेवण असा हट्ट धरला. सुरमईचं ताट, दोन वाट्या सोलकढी, आणि ताटाशेजारी उघडलेला नकाशा. सागरी महामार्ग रेवस ते रेड्डी आखलेला आहे. आमचं रेड्डी राहिलं. मुलं म्हणाली, पुढे तर सगळे पूलच. काकांनी बोट दक्षिणेला सरकवत नेलं: वेंगुर्ला, शिरोडा, रेड्डी, आणि त्याच्याही पलीकडे तेरेखोल. तिथून केरीला जायला अजून फेरी आहे. पुढच्या जानेवारीत तिथपर्यंत, असं ठरलं. उद्या सायकली कुडाळ स्टेशनवर पार्सलला द्यायच्या आहेत.