मागच्या चाकाची करकर

आमच्या घरी एक अ‍ॅटलास सायकल आहे. काळी, चोवीस इंची, रॉड ब्रेकवाली. अण्णांनी ती १९८४ साली घेतली, म्हणजे ती वयाने माझ्यापेक्षा मोठी आणि घरातल्या मानापानातही. काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडून पिंपरी, तिथून पुढे कंपनी, असा तिचा बत्तीस वर्षांचा रूट. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट. अण्णा २०१६ ला रिटायर झाले, सायकल झाली नाही. आता ती रोज सकाळी मंडईत जाते आणि हँडलला दोन पिशव्या लटकवून परत येते.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांना एकवीस गिअरची नवी सायकल घेऊन दिली होती. त्यांनी ती पूर्ण एक चक्कर चालवली, “छान आहे” म्हणाले आणि पार्किंगमध्ये लावली. सध्या तिच्यावर सोसायटीतली मांजर झोपते. असो.

तर झालं काय, की गेल्या महिन्यात रविवारी मी अण्णांबरोबर मंडईत गेलो. म्हणजे ते सायकलवर, मी पायी. आणि मला आवाज आला. करकर... कट्... करकर... कट्. दर फेऱ्याला एकदा. मागच्या चाकातून, आणि असा की रस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं. थांबवून चाक धरून हलवलं, तर ते एक्सलवर डावीउजवीकडे चक्क झोकांड्या खात होतं.

“अण्णा, हब गेलाय मागचा.”

“हं, चालतंय की,” अण्णा म्हणाले. हे उत्तर ते आजकाल बऱ्याच प्रश्नांना देतात. याची तेव्हा मला शंका यायला हवी होती.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. काही बिघडलं की आधी व्हिडिओ बघायचे, मग सामान मागवायचं आणि मग बिघाड काय आहे ते बघायचं, ही आमची पद्धत. चार व्हिडिओ बघून मी फ्रीव्हील खोलायचं एक चकचकीत टूल मागवलं. शनिवारी सकाळी गॅलरीत पेपर पसरून बसलो. चाक काढलं, टूल लावलं... बसेना. बसणार कसं? ते होतं नव्या गिअरच्या सायकलींच्या कॅसेटसाठी, ज्यात आतून बारीक दाते असतात. आपल्या साध्या सायकलच्या फ्रीव्हीलला समोरासमोर फक्त दोन खाचा. जगातले सगळे व्हिडिओ ज्या सायकलींचे होते, तसली सायकल खाली मांजरीकडे होती.

मग निदान डावी बाजू तरी उघडू म्हणून कोन काढला आणि छर्रे टणटणत गॅलरीभर पळाले. यातले दोन अजून सापडायचेत.

ज्यांनी कधी हब उघडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हबच्या दोन्ही टोकांना आत वाट्या असतात. वाटीत ग्रीस, ग्रीसमध्ये पाव इंची नऊ छर्रे, आणि त्यांच्यावर एक्सलच्या आट्यांवर फिरणारा कोन. दोन्हीकडचे मिळून अठरा छर्रे. सायकल, तुम्ही आणि दोन पिशव्या भाजी, या सगळ्याच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकाच्या या अठरा छर्ऱ्यांवर असतो, आणि त्यातही एका वेळी खालच्या बाजूला येतील त्या थोड्यांवरच. कोन जास्त आवळला तर छर्रे घासतात, ढिला राहिला तर आपटतात. पावसाचं पाणी आत गेलं की ग्रीस धुपतं आणि गंज धरतो. मग कोनावर टाचणीच्या डोक्याएवढा एक खड्डा पडतो. त्या खड्ड्यात प्रत्येक छर्रा आपटतो, त्यातून खड्डा वाढतो, मग दुसरा पडतो... आपल्याकडच्या रस्त्यांचं हेच होतं, जास्त समजवायला नको.

आमच्या डाव्या कोनावर खड्डे नव्हते. खड्ड्यांमध्ये थोडा कोन शिल्लक होता.

गुपचूप चाक उचललं आणि मेकॅनिक काकांकडे गेलो. तापकीर नगरच्या बाजूला पत्र्याच्या टपरीत बसतात, पूर्वी नुसत्या सायकली करायचे, आता पोटासाठी टू-व्हीलरचे पंक्चरही काढतात. त्यांनी माझं टूल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आदरानं बाजूला ठेवलं. दोन दात्यांचं स्वतःचं जाडजूड टूल व्हाइसमध्ये आवळलं, त्याच्यावर चाक आडवं बसवलं आणि एसटीचं स्टिअरिंग फिरवावं तसं दोन्ही हातांनी फिरवलं. खाड्! फ्रीव्हील मोकळं. “हे आधी करायचं,” काका म्हणाले. “तारा कापल्या की मग जोर कशाला लावणार? हब हातात गरागरा फिरत बसतो.” माझ्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं.

उजवी बाजू उघडली. नऊच्या जागी साडेसात छर्रे निघाले. उरलेल्या दीडाची काळी पेस्ट झाली होती. वाटीला आतून नख लावलं तर चक्क पायरी लागली.

आता आला आमच्या धंद्यातला सनातन प्रश्न : डागडुजी की नव्यानं लिहायचं? नुसते कोन, छर्रे आणि एक्सल बदलला तर काम स्वस्तात होतं, पण वाटी हबचाच भाग. खराब वाटीत नवे छर्रे म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा हेच. दुसरा उपाय, तयार चाकच घ्यायचं. तिसरा, जुनी रिम ठेवून हब नवा टाकायचा आणि चाक पुन्हा विणायचं. तयार चाक घेणं सगळ्यात सोपं, पण काकांनी अण्णांची रिम बोटानं वाजवून बघितली आणि म्हणाले, “ही टाकू नका. असा पत्रा आता येत नाही.” असा पत्रा खरंच येत नाही की ही सगळ्या मेकॅनिक लोकांची सही आहे, मला माहीत नाही. मी विरघळलो.

हब चाळीस भोकांचा लागतो. जुन्या इंग्लिश पद्धतीच्या सायकलींना पुढं बत्तीस तारा आणि मागं चाळीस. काकांकडं होते सगळे छत्तीसचे. “पिंपरीत मिळेल,” म्हणाले, “दूधवाले अजून वापरतात.” मिळालाही. हब, एक्सल, छर्रे, चाळीस तारा, मजुरी, सगळं मिळून सहाशेच्या आत. माझं चकचकीत टूल नऊशेचं होतं.

सामान मिळालं याचंच मला कौतुक. कारण सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलासनं २०२० साली ३ जूनला साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना थांबवला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. असला विनोद मुद्दाम लिहिला असता तर कुणी छापला नसता. पण सायकल अशी चीज आहे की कंपनी बंद पडली तरी आटे तेच राहतात.

हे सगळं चालू असताना काका सहज बोलून गेले, “साहेब, हा आवाज सहा-आठ महिने तरी येत असणार. घरात कुणी ऐकला नाही का?”

मी काहीतरी उत्तर दिलं. पण पुलाजवळून परत येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. मी ऐकला नव्हता, कारण मी सकाळी कानात हेडफोन घालून हिंजवडीला निघतो आणि रात्री तसाच परत येतो. आणि अण्णांनी?

अण्णा तीस वर्षं प्रेस शॉपला होते. लहानपणी एकदा कंपनीत फॅमिली डेला गेलो होतो. प्रेस खाली आला की पायाखालची जमीन हलायची आणि शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. कापसाचे बोळे घालणाऱ्याला लोक हसायचे म्हणे. गोंगाटानं बहिरेपण येणं हा १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवलेला रोग होता, पण आमच्या घरात कुणी त्याला रोग म्हटलं नाही. “अण्णा मोठ्यानं बोलतात” एवढंच म्हटलं. असं बहिरेपण आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज खातं. बोलणं कळतं, पण त्यातले स, फ, थ गळून जातात. माणूस मग अंदाजानं “हं, चालतंय की” म्हणायला लागतो.

संध्याकाळी मी विचारलं. मोठ्यानं, समोर बसून.

“अण्णा, चाक एवढं वाजत होतं, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“वाजत होतं?”

“सहा महिने तरी.”

अण्णांनी चहा खाली ठेवला. “जड जायला लागली होती हे खरं. पुलाच्या चढाला उतरून ढकलायचो. मला वाटलं, मीच संपलो.”

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी उठून नवे छर्रे कुठं ठेवलेत ते शोधायला लागलो.

दुसऱ्या रविवारी काकांनी चाक विणून, आउट काढून दिलं. जोडणी मात्र घरी, गॅलरीत, अण्णांच्या देखरेखीखाली. वाटीत ग्रीस भरून त्यात एकेक छर्रा बसवला. आठ बसल्यावर नववा मावतो, दहाव्याची जागा दिसते, पण तो घालायचा नाही. मग कोन. मी पान्यानं आवळला, लॉकनट लावला, चाक फिरवलं. मस्त फिरलं. अण्णांनी एक्सलचं टोक चिमटीत धरून हळूच फिरवलं, डोळे मिटून.

“टाइट आहे. पाव आटा मागं घे.”

घेतला. “आता ढिला.” पुन्हा. लॉकनट आवळताना कोनही थोडा सोबत फिरतो, त्यामुळे हा खेळ पाच-सहा वेळा झाला. मला बोटांत काहीच फरक कळत नव्हता. शेवटी त्यांनी चाक हातात उभं धरलं आणि सोडून दिलं. व्हॉल्व्हची बाजू जड असते ना, ते आपोआप डुलत डुलत खाली आलं, थोडं पुढं गेलं, मागं आलं आणि थांबलं.

“हां. आता बरोबर.”

मध्येच मला उगाच आठवलं की बॉल बेअरिंगच्या प्रसारात सायकलचा मोठा वाटा आहे. पॅरिसच्या ज्यूल सुरिरेनं १८६९ साली पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी पॅरिस ते रुआँ शर्यत जेम्स मूरनं तसलेच छर्रे घातलेल्या सायकलवर जिंकली. मग १८८३ साली जर्मनीत फ्रीडरिश फिशरनं छर्रे एकसारखे गोल घासायचं मशीन काढलं आणि कारखाने उभे राहिले. आपल्या चिंचवडला एसकेएफ आहे, ती त्याच गोष्टीची शेपटी. हे मी अण्णांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “हं, चालतंय की.”

सोमवारी ते पुलाचा चढ न उतरता चढून गेले. मी हेडफोन काढून मागं उभा होतो. हब गप्प.

कानाच्या डॉक्टरांची येत्या शनिवारी अकराची वेळ घेतलीय. “कशाला” पासून “बघू” पर्यंत यायला चार दिवस लागले. काल रात्री म्हणाले, “बरं, जाऊ. पण मी सायकलवर जाणार. तू ये मागून रिक्षानं.”