शनीची प्रत

मराठी शिकवताना 'प्रत' हा शब्द आम्हां दोघांच्या तोंडी रोज येतो. पुस्तकाची प्रत, हस्तलिखिताची प्रत, लेखनाची प्रत. आकाशस्थ ज्योतींच्या तेजाचे मापही प्रतच, हे मात्र आम्हांला वांगणीला कळले. कर्जत मार्गावरील या गावी खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कित्येक वर्षे होत आले आहे. प्रतीचा आकडा जितका लहान तितके तेज अधिक. एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट.

२०२५ च्या ऑक्टोबरात डोंबिवलीच्या गच्चीवर आम्ही शनीची प्रत मोजायला बसलो, त्याला निमित्त आईंचे होते. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता. उजव्याची शस्त्रक्रिया त्या टाळत होत्या. रास मेष. २९ मार्चला शनी मीनेत आला, साडेसाती लागली, आणि ती सरेपर्यंत डोळ्याला हात लावू नका, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले होते. आम्ही चिडत होतो. वर्गात उठताबसता 'दृष्टिकोन' म्हणणाऱ्यांना घरात धीर नव्हता.

दुर्बिणीला आधी हिरवी, मग निळी काच लावून शनी आणि दक्षिणेकडचा फोमलहॉट तारा यांची छायाचित्रे घेतली. तुलनेच्या ताऱ्यावाचून प्रत ठरत नाही. फोमलहॉट क्षितिजाकडे अधिक झुकलेला, म्हणून त्याचा प्रकाश जास्त हवेतून येतो, आणि हवेत निळा रंग अधिक विखुरतो. तो हिशेब करावा लागला. हिरव्या काचेतून शनी सरस ठरला, निळ्या काचेतून फोमलहॉट! शनीचे वातावरण निळा प्रकाश बराच शोषून घेते, म्हणून तो पिवळसर.

शिवाय त्या वर्षी तो मंदही होता. त्याच्या तेजात बर्फाळ कड्यांचा वाटा मोठा असतो. २००३ च्या अखेरीस कडी रुंद उघडलेली होती, ग्रहही सूर्याच्या जवळच्या टप्प्यात होता. तेव्हा प्रत उणे ०.५ च्या आसपास होती. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली, आणि सप्टेंबरातल्या प्रतियुतीलाही कडी रेघेएवढीच दिसत होती. प्रत अधिक ०.६.

आईंनी दुर्बिणीला आधी डावा डोळा लावला, मग उजवा.

"याला लोण्यासारखा दिसतो, आणि त्याला हळद लावल्यासारखा. खरा कुठला रे?"

वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि निळा प्रकाश अडवते. तुमच्या उजव्या डोळ्यात अशीच एक रंगीत काच बसली आहे, एवढेच आम्ही म्हणालो. साडेसातीचा विषय काढला नाही. त्या बराच वेळ एकेक डोळा झाकून पाहत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनीच डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली. तारीख मिळाली ती नेमकी शनिवारची. आईंनी ती बदलून घेतली नाही.